टाकीत पाणी राहिलं, एवढंच

७ नोव्हेंबर

ताई,

आधी महत्त्वाचं. मी ठणठणीत आहे, गाडी ठणठणीत आहे आणि गाडीतले एकेचाळीस निवृत्त शिक्षक आपापल्या घरी पोचून सुनांना शिकवायला लागले असतील. 'ब्रेक फेल झाले' असं कुणीतरी तुला येऊन सांगणारच, म्हणून मीच आधी लिहितोय. फोन केला असता, पण तू म्हणतेस की हल्ली फोनमधला आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. तेव्हा घे पत्र.

बुधवारी निम्मी चढण चढून झाली होती. मागे डाव्या बाजूला बसलेल्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या की इथे खाली कुणीतरी फुसफुसतंय. मला वाटलं, कुणाचीतरी उशी असेल, नाहीतर कुणाचं तरी पोट. तेवढ्यात हवेचा काटा उतरायला लागला आणि बझर बोंबलायला लागला. सुदैवाने पुढे रस्ता रुंद होता. तिथे कडेला गाडी घेतली आणि घेतो न घेतो तोच मागची चाकं आवळली. गाडी जी बसली ती बसली.

'ब्रेक फेल' हे दोन शब्द कुणीतरी उच्चारले आणि एकेचाळीस जण एकदम दाराकडे. मी समजावलं की अहो, हवा गेली की ही गाडी सुटत नाही, उलट ठिय्या देते. ब्रेकच्या पोटात दणकट स्प्रिंग असते, तिला हवेने दाबून धरलेलं असतं, हवा गेली की ती चाक धरून बसते. पण माझं ऐकतंय कोण. विज्ञानाचे सर पुढे आले, मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने आकृती काढली आणि मी सांगितलं तेच पंचवीस मिनिटं सांगितलं. त्यांचं सगळ्यांना पटलं. मुख्याध्यापकांनी तीनदा हजेरी घेतली आणि तिन्ही वेळा चाळीसच भरले, कारण ते स्वतःला मोजत नव्हते. एकेचाळिसावा दरीत गेला असं ठरवून दोघी बाई रडायलाही लागल्या होत्या.

अडीच तास गेले. आता कारण. रोज सकाळी हवेच्या टाकीखालची कडी ओढून साठलेलं पाणी सोडायचं, हे मी गाडीवर बसलो त्या दिवसापासून तू सांगत आलीस. त्या दिवशी राहिलं. पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं, व्हॉल्व्ह अडकला, हवा गेली. मी साफ केला, हवा भरली, निघालो. टाकीत पाणी राहिलं, एवढंच.

रागव, पण थोडक्यात.

तुझा,
भोपू

७ नोव्हेंबर

भावोजी,

हे पत्र मुद्दाम वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतोय. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तुम्ही तिथे रोज जाऊन लोकांना गप्प बसवता, तेव्हा तिथेच सापडाल. वाचून झालं की फाडा. घरी नेऊ नका, तुमच्या खिशातलं सगळं ताईला सापडतं.

ताईला टाकीतल्या पाण्याची गोष्ट लिहिली आहे. ती खोटी आहे. पाणी मी त्या सकाळी काढलं होतं.

हवा गेली ती मागच्या डाव्या चाकाजवळच्या नळीच्या जोडातून. आदल्या दिवशी ताईने स्वतः बसवलेल्या नव्या नळीच्या. मी गाडीखाली शिरून बघितलं, नट तिरका बसला होता, दोनच आटे धरले होते. सोडवून सरळ बसवला, आवळला, संपलं.

तुम्हाला आठवत असेल, नळी बसवून झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे इंजिन बंद करायला लावलं, गाडीभोवती फेरी मारली, कान दिला आणि म्हणाली, जा. भावोजी, मला तेव्हा बारीक आवाज आला होता. मी गप्प बसलो. ज्या बाईचा कान अख्ख्या डेपोने तीस वर्षं मानला, तिच्यापुढे माझा कान काय सांगणार, असं वाटलं. आता कळतंय की तिला बारीक आवाज येतच नाहीत. फोन बिघडलेला नाही.

मालकाला कारण लेखी हवं होतं. मी लिहून दिलं, पाणी काढायला विसरलो. त्याने महिनाभर मला लांबच्या गाडीवरून उतरवलंय आणि आवारात गाड्या मागे-पुढे करायला ठेवलंय. त्याचं काही नाही. पण ताईच्या कानाची बातमी बाहेर फुटली तर तुमच्या शेडमध्ये उद्यापासून एक गाडी येणार नाही. आणि ताई रिकामी बसली आहे, हे चित्र मला डोळ्यांपुढे आणवत नाही. तुम्ही तिला गोडीगुलाबीने कानाच्या डॉक्टरकडे न्या. बाकी मी निभावतो.

तुमचा,
मेहुणा

११ नोव्हेंबर

भोपू,

थोडक्यात रागव म्हणे. साठीला आलास, केस गेले, पोट आलं, आणि एक कडी ओढायची आठवण तेवढी आली नाही. आता तुला रोज सकाळी तळहातावर पेनाने लिहून द्यायला मी तिकडे राहायला येऊ का? तुझी बायको आनंदाने खोली देईल, तिला आयती साक्षीदार मिळेल.

ते विज्ञानाचे सर मात्र मला आवडले. धुळीची काच म्हणजे गाडीही धुतली नव्हतीस, हे तू आपणहून कळवलंस.

तुझ्या मालकाने निरोप पाठवला होता. गाडीच्या कामात तुमचा काही दोष नव्हता, तुमच्या भावाने तसं लेखी दिलंय, असा. तुझ्याबद्दल वाईट वाटलं आणि माझ्याबद्दल बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं डेपोत आणि नऊ वर्षं घरच्या शेडमध्ये, माझ्या हातून गेलेली गाडी वाटेत बसली नाही. बाकीचे लोक प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत बसतात. मी कधी लावला नाही. इंजिन बंद करायचं, एक फेरी मारायची, हवा कुठे जात असेल तर ती आपण होऊन सांगते.

तुझे भावोजी अलीकडे माझ्यामागे लागलेत, कानाच्या डॉक्टरकडे चल म्हणून. मी म्हटलं, आधी तुम्ही तुमचं घोरणं दाखवून या, मग माझ्या कानाचं बघू.

एक मात्र कळलं नाही. चित्रकलेच्या बाई डाव्या बाजूला मागे बसल्या होत्या म्हणतोस. तुझ्या गाडीची टाकी उजवीकडे, मधे. व्हॉल्व्हही तिथेच. मग फुसफुस त्यांना कशी ऐकू आली?

तुझी,
ताई

१५ नोव्हेंबर

ताई,

तू पोलिसात जायला हवं होतंस, डेपोत उगाच गेलीस.

अगं, चित्रकलेच्या बाई आधी डावीकडे होत्या, मग ऊन आलं म्हणून उजवीकडे गेल्या, मग तिथे भूगोलाच्या सरांनी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक टेकडीची माहिती द्यायला सुरुवात केली म्हणून पुन्हा मधे आल्या. तेव्हा त्या नक्की टाकीच्या वरच्याच बाकावर होत्या, निळी पिशवी मांडीवर घेऊन. मी लिहिताना घाईत डावीकडे लिहिलं. आणि तसं बघितलं तर डोंगरात आवाज फिरतो. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा चमचाभर पाणी निघालं, गढूळ, थोडं तेलकट. मी रुमालाने टिपलं. रुमाल अजून धुतलेला नाही, हवा तर पाठवतो.

मी मजेत आहे. काम हलकं आहे, दुपारी घरी जेवायला मिळतं. बायको म्हणते, असेच विसरत जा.

भावोजींचं ऐक आणि डॉक्टरकडे जाऊन ये. त्यांचं एवढं तरी ऐक. लग्नापासून त्यांचं एकही ऐकलेलं नाहीस.

भोपू

१९ नोव्हेंबर

भोपू,

तू खोटं बोलतोयस. तुझं खोटं ओळखायला अक्कल लागत नाही. खरं बोलतोस तेव्हा दोन वाक्यांत संपवतोस. खोटं असलं की त्यात निळी पिशवी येते, ऊन येतं, भूगोलाचे सर येतात. सहावीत निकाल लपवलास तेव्हा कुत्रा, पूर आणि पोस्टमन तिन्ही आले होते.

आता मी सांगते काय झालं ते. हवा मागून डावीकडून गेली. तिथे मी नवी नळी बसवली होती आणि ती नीट होती, मी स्वतः ऐकली होती. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी तो जोड उघडला. तुझा तो जोडीदार ड्रायव्हर, ज्याचे हात सदा शिवशिवत असतात, त्याने सहज म्हणून पाना लावला असणार आणि परत धड बसवला नसणार. आणि तू त्याला पाठीशी घालतोयस. त्याच्या घरी लहान मुलं असतील, तो गयावया करत असेल, तुझं मन मेणाचं. लहानपणी माझ्या वाटचा मारही तू खायचास, मला ते तेव्हाही आवडायचं नाही.

मला तुझा राग आलाय, आणि हे मी थट्टेने लिहीत नाही. मालकाला स्वच्छ सांग. ज्याच्या हातून जोड सरळ बसला नाही, आणि बसला नाही हे ज्याला ऐकूही आलं नाही, त्याच्या हातात पुन्हा पाना देऊ नका म्हणावं. मग तो कुणीही असो. दया दाखवायला दुसऱ्या शंभर जागा आहेत, ब्रेक ही जागा नव्हे.

आज शाळेची बस केली. तिचीही मागची डावी नळी बदलली. सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडते आणि त्या बसमधून बावन्न मुलं जाणार आहेत. असल्या गाडीपाशी तुझा जोडीदार फिरकलेला मला चालेल का, तूच विचार कर.

ताई

२० नोव्हेंबर

मेहुणेबुवांस,

हे पत्र टपालात टाकत नाही, सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. आज संध्याकाळी तुमच्या हाती पडावं.

आपण दोघांनी मिळून मोठी चूक केली आहे.

काल तुमच्या ताईने शाळेची बस दुरुस्त केली. मी शेडच्या दारात वर्तमानपत्र वाचत होतो. इंजिन बंद झालं. तिने फेरी मारली, मागच्या चाकाशी वाकली, उठली, हात पुसले, ठीक आहे म्हणाली. आणि मला ऐकू येत होतं. तुम्हाला माहीत आहे, मला यंत्रातलं काही कळत नाही, सायकलची चेन बसवायलाही मी तिलाच हाक मारतो. पण अडतीस वर्षं मी फक्त कुजबुज पकडली आहे. चौथ्या कपाटाआड कोण बोलतंय, हे मला खुर्चीवरून कळायचं. तसाच आवाज होता तो, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हळूच बोलत असल्यासारखा. मी विचारलं, कसला आवाज येतोय? ती म्हणाली, तुमच्या पोटाचा असेल, जेवायला बसू या.

मी जेवायला बसलो. तुम्हाला शब्द दिला होता ना.

डॉक्टरचा विषय चारदा काढून झाला. बाईसाहेब दाद देत नाहीत. मी आता तिला सरळ सांगू शकतो, पण ती पहिल्यांदा विचारणार की तुम्हाला कधीपासून माहीत आहे, आणि मग तुमचं सगळं बाहेर येणार. ते तुमच्याकडून आलेलं बरं. मी तिच्या ओरडण्याला घाबरत नाही, त्याची सवय आहे. तिचा चेहरा उतरलेला बघायची माझ्यात हिंमत नाही, हे कबूल करतो.

बस शाळेच्या आवारात उभी आहे, सोमवारपर्यंत हलणार नाही. उद्या दुपारपर्यंत तुमचं पत्र आलं नाही, तर हिंमत असो वा नसो, मी बोलणार आहे.

तुमचा,
भावोजी

२१ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

तो जोडीदार नाही, तो जोड तूच बसवला होतास आणि तुझ्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. नट तिरका होता, दोन आट्यांवर होता, आणि पाणी मी त्या सकाळी काढलं होतं.

बघ, दोन वाक्यांत संपवलं.

आता जे दोन वाक्यांत मावत नाही ते. त्या दिवशी तू ऐकून 'जा' म्हणालीस तेव्हा हवा जात होती. मला ऐकू आली होती. तुला आली नाही. ताई, तुझा फोन चांगला आहे.

मी आवाज ऐकूनही गाडी काढली, एकेचाळीस माणसं घेऊन. आधी तुझ्या मोठेपणापुढे बोललो नाही आणि नंतर तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. मला वाटत होतं मी तुझ्यासाठी काहीतरी सोसतोय, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी मजाही वाटत होती. काल भावोजींचं पत्र आलं. शाळेच्या बसमधूनही तसाच आवाज येतोय. मी पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं तर त्या बसला तू नुसता कान देऊन सोडलं नसतंस.

ती बस सोमवारी तशी निघता कामा नये. तिच्या जोडाला फेस लाव. ऐकू नकोस, बघ.

भावोजींवर रागावू नकोस, त्यांना मी गप्प केलं होतं. मी स्वतः आलो असतो, आज सुट्टी मागून दुपारच्या गाडीत बसणारही होतो. पण तुझ्यासमोर उभा राहिलो असतो तर तुझा चेहरा बघून पुन्हा निळी पिशवी काढली असती. म्हणून त्याच गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती पत्र देतोय.

तुझा,
भोपू

२५ नोव्हेंबर

भोपू,

पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. शनिवारी सकाळपर्यंत मी तुझ्या भावोजींशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते आवडलं असावं, आयुष्यभर लोकांकडून हेच तर मागत होते.

शनिवारी आम्ही दोघं शाळेच्या आवारात गेलो. मी साबण पाण्यात कालवला, हवा भरली आणि मागच्या डाव्या जोडाला फेस लावला. मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको. आला. बोराएवढा बुडबुडा, फुटला, त्याच्या मागून दुसरा. मी ऐकायचा खूप प्रयत्न केला. गाल टेकेल इतका कान जवळ नेला. काहीही नाही, भोपू. समोर हवा जाताना दिसत होती आणि माझ्यापुरतं सगळं शांत होतं. मी तिथेच चाकाशी बसून रडले. तुझे भावोजी शेजारी फरशीवर बसले, त्यांच्या त्या इस्त्रीच्या पँटला तेल लागलं तरी उठले नाहीत.

मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी गजर ऐकू येईना, मी म्हटलं घड्याळ बिघडलं. मग फोन बिघडला. मग हे तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. सगळं जग एकेक करून बिघडत होतं आणि मी तेवढी धडधाकट होते.

जोड सरळ बसवला. तो तिरका का बसला, तेही कळलं. आटा धरतो तेव्हा बारीक टिक असा आवाज होतो, त्यावर माझा हात चालायचा. आता तो आवाज येत नाही, म्हणून मी आवळतच जात होते. यापुढे बोटाने आटे मोजणार.

मुख्याध्यापिकेसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी दुसरा मेकॅनिक बोलावून बस तपासून घेतली, तेच योग्य होतं. सोमवारी बस निघाली तेव्हा मी फाटकाशी उभी होते. तुझ्या मालकालाही लिहिलं आहे की गाडी माझ्यामुळे बसली. तो तुला पुन्हा लांबच्या गाडीवर घेईल, नाही घेतलं तर मला कळव, मी येऊन त्याच्याशी बोलते. तीन मालकांनी गाड्या माझ्याकडून काढून घेतल्या. शाळेने घेतली नाही, तुझ्या मालकाचं अजून ठरत नाही. डॉक्टरकडेही जाऊन आले, यंत्र बनायला टाकलंय. बारीक आवाज त्याने येतीलच असं नाही, असं तो म्हणाला. निदान हा खरं बोलला.

पाणी काढलं होतंस आणि विसरलो म्हणून सही केलीस, ते माफ. मला अंधारात ठेवलंस, तेही माफ, त्यात माझंच खोटं मोठं आहे. पण आवाज ऐकूनही गाडी काढलीस, ते माफ नाही. मी असो की माझ्यावरचा कुणी असो, ऐकू आलं तर बोलायचं.

आणि मी माझ्या पत्रात जो निकाल दिला होता, तो मागे घेत नाही. अर्धा बदलते. पाना माझ्या हातात राहील, पण गाडीला 'जा' म्हणायचं काम माझं नाही.

काल एक गाडी आली. मी जोड बसवला, आटे मोजले, फेस लावला, दिसणाऱ्या बाजूला बुडबुडा आला नाही, इंजिन बंद केलं. तुझे भावोजी चपला काढून गाडीभोवती फिरले, अगदी हळू. मागच्या चाकाशी थांबले. बराच वेळ थांबले. मग माझ्याकडे बघून त्यांनी भीतभीत मान हलवली. नाही म्हणाले. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा नाही म्हणाले.

मी पाना उचलला आणि जोड पुन्हा उघडला.

तुझी,
ताई